ती धूळ रंगाची नव्हती, गमरे

गमरे,

तुझ्या शोकसभेत लोक खळखळून हसले. ते हसले याचा मला राग आहे, त्यांना हसवणाऱ्याचा त्याहून जास्त आहे, आणि मीही हसलो याचा किती आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वाशीला, आपल्या निवृत्त मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये सभा होती. तुझ्या लेकीनं, सुजातानं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, बुद्धवंदना म्हटली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मग सप्रे उठले. आपले ॲडमिनचे मॅनेजर सप्रे. आता नव्वदीला आले, पण चार माणसं समोर बसलेली दिसली की अजून कंपनी त्यांचीच आहे असं बोलतात.

"गमरे म्हणजे आपल्या कंपनीचा पहिला कॉम्प्युटरवाला," ते म्हणाले. "हुशार, त्यात वाद नाही. पण एका वर्षी काय झालं, हा गडी ऐन लक्ष्मीपूजनाला रजा टाकून गावाला गेला. लक्ष्मी रुसली हो! परत येऊन बघतो तर मशीन गार. आपल्या कारखान्यातल्या रंगाची धूळ आत गेलेली. दार नीट लावायचं विसरला होता. मग आम्ही याला टेलिफोनवर बसवला. म्हटलं, तिथे काय बिघडवायचं ते बिघडव, नाहीतरी फोन कुठे लागतो!"

हॉल हसला. सुजाता मोठ्यांचा मान राखण्यापुरती हसली. आणि मी, तिच्या मागच्या रांगेत बसलेला तुझा चाळीसहून जास्त वर्षांपासूनचा मित्र, माझ्याही तोंडून हसू निघालं. सवयीनं निघालं. ही गोष्ट सप्रे गेली कित्येक वर्षं सांगत आलेत आणि मी दर वेळी हसत आलोय.

चहाच्या वेळी मंडळाचे सेक्रेटरी जवळ आले. "दामले, अंकासाठी गमऱ्यांवर दोन पानं द्या. तुमचा खास माणूस. काहीतरी हलकंफुलकं येऊ द्या." तर मी लिहायला बसलोय. हलकंफुलकं जमेल तेवढं लिहितो, कारण तू तसाच होतास. पण उरलेलं त्यांना छापावं लागेल.

तू कंपनीत आलास तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखान्यांच्या भिंती, मधेच भाताची खाचरं, आणि वारा खाडीकडून आला की चिखलाचा वास, कारखान्यांकडून आला की आपल्या रंगाचा. तू टेलेक्स ऑपरेटर, तारेनं टाइप केलेले निरोप धाडायचास, टेलिफोनचा बोर्डही तुझ्याकडेच. महाडच्या बाजूचा, किडकिडीत, खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. आपला शिपाई म्हात्रे घणसोली गावातला. त्याच्या घराची मागची खोली तू भाड्यानं घेतलीस, आणि महिन्याभरात त्याच्या रेडिओचं पोट उघडून बसलास. म्हात्रे ऑफिसभर सांगत हिंडला, "गमरेसाहेबांनी रेडिओ खोलला, आता त्यात फक्त कोलंबो लागतंय. पन काय झकास लागतंय!"

टेलेक्सच्या पट्टीला भोकं पडताना ज्या बारीक टिकल्या गळायच्या, त्या तू पिशवीत साठवायचास. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ती पिशवी घेऊन आलास आणि तिच्या डोक्यावर उधळलीस. "घ्या वहिनी, जर्मनीच्या ऑर्डरीचा भुसा!" आमची ही पुढचा आठवडाभर घर झाडत होती आणि तुझ्या नावानं बोटं मोडत होती.

तुझं सगळं बोलणं जाता जाता असायचं. कुठे भाषण नाही, कुठे शिकवणं नाही. ट्रंक कॉल बुक करायला कोणी आलं की तू समजावून द्यायचास, "ऑर्डिनरी लावलात तर बातमी तेराव्याला पोचेल, अर्जंट लावलात तर दहाव्याला. लायटनिंग लावलात तर माणूस अजून घरात असेल, पण तेवढ्या पैशात तुम्हीच गाडी करून जा." ऑफिसातली सगळ्यात वेगवान यंत्रणा कोणती, तर म्हात्रेचा चहाचा ट्रे, जी बातमी सकाळी सप्रेंच्या केबिनमध्ये शिरते ती अकराच्या चहाबरोबर गेटवर पोचलेली असते, असं तू म्हणायचास आणि ते खरं होतं.

आणि ते क्रॉस कनेक्शन! मुंबईची लाईन मागितली आणि कोणत्या तरी दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. सार बिघडलं म्हणून एक रडकुंडीला आलेली. तू बोर्डाजवळ उभा होतास, रिसीव्हर माझ्या हातातून घेतलास. "ताई, कोकम शेवटी घाला. उकळीत घालू नका." पलीकडचं रडणं थांबलं. मग, "कोण बोलतंय?" "टेलिफोन खात्याकडून सूचना," तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

तुझे अंदाज चुकायचेही. शोकसभेत तू द्रष्टा होतास वगैरे एकानं ऐकवलं, तेही खोडून काढतो. टेलेक्स कधी मरणार नाही असं तू छातीठोक सांगायचास. फॅक्स आला तेव्हा त्याचा कागद उन्हात धरून म्हणालास, "हा पिवळा पडतो, हे दोन वर्षांचं खूळ." कॉम्प्युटर आल्यावर ऑफिस दुपारी तीनला सुटेल यावर तर माझ्याशी पैज लावली होतीस. तुझी मुलगी आता जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसते. तीनला सुटतंय ऑफिस!

आपलं एकच भांडण खरं होतं, आणि ते संपलं नाही. मी हिशेब खात्यातला. आकडा शाईनं वहीत उतरला की तो खरा, असं मी मानायचो. तू म्हणायचास, "दामले, शाईवर तुझा विश्वास आहे कारण बोरू तुझ्या हातात आहे." मी म्हणायचो, वही दिसते, हाताला लागते, उलटून बघता येते, तुझ्या मशीनच्या पोटात काय आहे ते कोणी बघितलंय? तू म्हणायचास, "तुझ्या पोटात काय आहे ते तरी कोणी बघितलंय?" तेव्हा ही थट्टा होती.

ऐंशीनंतर कंपनीनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि शिकायला कोण जातो विचारलं, तेव्हा हात वर करणारा तू एकटा होतास. बाकीचे घाबरले होते. मीही. सहा महिने संध्याकाळचे वर्ग करून आलास आणि गोदामाशेजारच्या खोलीत ते मशीन बसवलंस. एसी, काचेचं दार, आणि दारावर तुझ्या हातची पाटी: चपला बाहेर काढा. धूळ नको म्हणून. रंगाच्या कारखान्यात धूळ हाच तुझा मुख्य शत्रू.

पण आपल्या माणसांना चपला काढायला सांगितलं की काय होतं? हात आपोआप जुळतात. पहिल्याच आठवड्यात पॅकिंग खात्यातल्या बायका दारातून मशीनला नमस्कार करून जायला लागल्या. म्हात्रे म्हणाला, "देवाला उकडतंय तरी, याला थंडी पायजे. मोठा देव हाय." तू कपाळाला हात लावलास. "अरे, देऊळ नाही रे हे!" मग मला म्हणालास, "दामले, पाटी लिहिताना ही माझीच चूक झाली. कारण लिहायला पाहिजे होतं."

त्या मशीनवर तू पहिलं काम केलंस ते पगाराच्या चिठ्ठ्यांचं. आधी कामगाराला जी चिठ्ठी मिळायची तिच्यावर नुसते आकडे आणि खुणेची अक्षरं असत. कशाचे किती कापले ते त्याला कळायचं नाही. तू प्रत्येक कपातीचं पूर्ण नाव छापलंस. सप्रे म्हणाले, कागद वाया जातो. तू म्हणालास, "मशीनला एवढा कागद पुरतो साहेब, तर माणसाला चार अक्षरं पुरू द्या." म्हात्रेनं त्याची पहिली चिठ्ठी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवली. हे शोकसभेत कोणी सांगितलं नाही. एकानंही नाही.

आता दिवाळी.

दर लक्ष्मीपूजनाला दुपारी हिशेब खात्यात वह्यांची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर नव्या वह्या, पहिल्या पानावर श्री, हळदकुंकू, अक्षता, पेढे. मला मंत्र येत म्हणून पूजा माझ्याकडे. तू त्या पूजेला कधी बसला नाहीस आणि कधी तिला नावंही ठेवली नाहीस. पेढा मात्र हक्कानं मागून न्यायचास. सणाच्या दिवसांत ड्युटीही तूच घ्यायचास, आम्हाला घरी जाता यावं म्हणून. त्या वर्षी तुझी आई आजारी होती. कितीतरी दिवाळ्यांनंतर तू पहिल्यांदा रजा मागितलीस. सप्रेंच्या गोष्टीतली "ऐन लक्ष्मीपूजनाची रजा" ती ही.

जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीस. "वरच्या कप्प्यात चालू फ्लॉप्या, खालच्या कप्प्यात त्यांची दुसरी प्रत. एक मेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही एकदम मरत नाहीत. आग लागली तरच उघड."

आग लागली नाही. पाट मांडला आणि त्यावर ठेवायला वहीच नव्हती, कारण त्या वर्षापासून वह्या बंद झाल्या होत्या. सप्रे दारात येऊन उभे राहिले.

"काय दामले, यंदा लक्ष्मी रिकाम्या पाटावर?"

"वह्या बंद झाल्या ना साहेब. सगळा हिशेब फ्लॉपीत."

"मग फ्लॉपी आणा की. हिशेब तो हिशेब."

म्हात्रे फुलं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "साहेब, गमरेसाहेबांनी कपाटाला हात लावू नको सांगितलाय. मना ठाव हाय."

"अरे, चोरी करतोय का आपण? पूजा करतोय," सप्रे म्हणाले. आणि मी किल्ली काढली.

आजच्या मुलांना फ्लॉपी ठाऊक नाही. ताटलीएवढं, पातळ, काळं चौकोनी पाकीट. आत एक तबकडी, आणि पाकिटाला एक लांबट फट, जिच्यातून तबकडी चमकताना दिसते. त्या फटीला बोट लावायचं नाही, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. मी वरचा कप्पा रिकामा केला. मग खालचाही केला. तो का, हे मला आज कोणी विचारलं तर सांगताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी सरळ वाटलं होतं: रोजच्या किर्दीची पूजा करायची आणि तिच्यावरून उतरवलेल्या खतावणीची नाही, असं आपण कधी करतो का? दुसऱ्या प्रतीनं काय पाप केलं होतं?

काळ्यावर कुंकू उठत नव्हतं. चमकत होतं तिथे उठलं. म्हणून एकेकीला मी नेमकं त्या फटीतच बोट टेकवलं. वर हळद, वर अक्षता. सप्रेंनी स्वतः दोन चिमटी वाहिल्या, पेढा खाल्ला, माझ्या पाठीवर थाप मारून घरी गेले. सगळे गेल्यावर मला तुझा चेहरा आठवला. तू चिडशील म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि एकेक पाकीट नीट पुसून, होतं तसं कपाटात लावून ठेवलं. म्हणजे जे वर होतं ते मी माझ्या हातानं आत सारलं.

तू परत आलास. पहिली फ्लॉपी घातलीस आणि कढईचा तळ उलथन्यानं खरवडावा तसा आवाज आला. माझ्या टेबलापर्यंत आला. तू मशीन पुसून घेऊन दुसरी प्रत घातलीस. पुन्हा तोच आवाज. वर्षाचा हिशेब, पगार, बोनस, सगळं गेलं.

दुपारी तू माझ्यासमोर येऊन बसलास. एक कागद उलगडलास. त्यावर पिवळा, अर्धा तुटलेला दाणा होता.

"दामले, आपण इथे रंग बनवतो. बरोबर?"

"हो."

"मग तांदूळ कधीपासून बनवायला लागलो?"

तू आवाज चढवला नाहीस. "उद्या सप्रे चौकशीला बसतायत. तू सांग. मी नाही सांगणार, तू सांग."

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की, गमरे."

आणि तो कागद तू माझ्याच टेबलावर ठेवून गेलास! ज्यानं चूक केली त्याच्याच हातात पुरावा देऊन जाणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. तू गेल्यावर मी खिडकी उघडली आणि कागद झटकला.

चौकशीत सप्रे म्हणाले, "आत लाल पूड सापडली. म्हणजे आपली रंगाची धूळ. दार कोणाच्या ताब्यात असतं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी पंख्याकडे बघत होतो. अकाउंट्स ऑफिसरच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं, आणि मी स्वतःला सांगत होतो की आत्ता नको, जागा मिळाल्यावर सांगू. तू पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "माझ्या. दार माझ्या ताब्यात होतं."

सप्रे, हे तुम्ही वाचाल, म्हणून तुम्हालाही विचारतो. रोज सकाळी देवपूजा करून ऑफिसला येणाऱ्या माणसाला कुंकू ओळखू आलं नाही? रंगाच्या पुडीत हळद कुठून आली, हे तुम्हाला पडताळून बघावंसं वाटलं नाही? चार दिवसांपूर्वी तुमच्या स्वतःच्या चिमटीतून काय पडलं होतं ते आठवलं नाही? मला वाटतं आठवलं. तुम्ही अहवालात धूळ लिहिलीत कारण धूळ कोणाच्या माथी मारायची ते तुम्हाला ठाऊक होतं.

गमरे, तुला पुन्हा टेलेक्स आणि टेलिफोनवर पाठवलं, जिथून तू सुरुवात केली होतीस तिथे. पुढचे कित्येक महिने पगार मी हातानं लिहून काढले. सप्रे सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी दामल्यांच्या वह्याच कामाला आल्या." टाळ्या झाल्या. मला जागा मिळाली. मशीन मुंबईच्या ऑफिसात गेलं, तुझ्या एसी खोलीत सप्रेंचे पाहुणे बसायला लागले, आणि कामगारांच्या चिठ्ठीवर पुन्हा खुणेची अक्षरं आली.

तुझ्यावरही माझा राग आहे, तो लिहितो. दुसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलावर डबा घेऊन जेवायला कशाला आलास? काही झालंच नाही असं सुक्या सोड्यांची चटणी पुढे कशाला सरकवलीस? भांडला असतास, कॉलर धरली असतीस, तर मी त्याच दिवशी सप्रेंकडे गेलो असतो. असं मी स्वतःला सांगतो. खरं असेलच असं नाही. पण तुझ्या चांगुलपणानं माझी सुटका केली नाही, एवढं खरं.

एकदाच विचारलं मी. नवा टेलिफोन बोर्ड बसवला होता आणि तू त्याच्या दिव्यांवर खूश होऊन बसला होतास. मी म्हणालो, "तू का बोलला नाहीस तेव्हा?"

तू बोर्डावरून नजर न काढता बोललास. "मी म्हटलं असतं पूजेनं बिघडलं, तर सप्रेंनी मशीनकडे बघितलं असतं का? त्यांनी माझ्या आडनावाकडे बघितलं असतं. संध्याकाळपर्यंत गेटपर्यंत गेलं असतं, गमऱ्याला आपली पूजा खुपते. मशीन राहिलं बाजूला, माझ्या धर्मावर आलं असतं. तेच तू म्हटलं असतंस तर ती नुसती चूक ठरली असती. साधी, दुरुस्त होण्यासारखी चूक. म्हणून तुझी वाट बघितली."

"किती दिवस बघितलीस?"

बोर्डावर दिवा लागला. तू हेडफोन नीट केलास. "नमस्कार, बोला." त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायची हिंमत मी केली नाही. तू निवृत्त झालास, मी झालो, वाशीच्या बागेत रोज सकाळी एकत्र फिरलो, मोबाईलवरून भांडलो, गुडघ्यांवरून भांडलो. हे सोडून सगळ्यावर बोललो.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी खारघरला सुजाताकडे गेलो. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते ना ती, घरभर वायरी, तुझ्यावर गेलीय. बसल्या बसल्या मी तिला सगळं सांगितलं. कपाट, कुंकू, फडकं, दाणा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"काका, कुंकवाची गोष्ट मला माहीत आहे. बाबा सांगायचे. मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगते, दुसरी प्रत वेगळ्या जागी का ठेवायची ते समजवायला. मुलं खूप हसतात. फक्त तो माणूस कोण ते बाबांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, माणूस चांगला होता, दोन्ही कप्पे उघडले एवढंच."

मला वाटलं, आता ती काहीतरी मऊ बोलेल. माझं वय बघून लोक बोलतात तसं.

"काका, त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही माझ्या मागेच होतात. सप्रेकाका धूळ म्हणाले तेव्हा उठला का नाहीत?"

"मी लिहितोय ना. मंडळाच्या अंकात सगळं लिहून देतोय."

"अंक कोण वाचतं? जिथे ते हसले तिथे सांगा."

काल त्याच हॉलमध्ये मंडळाची बैठक होती, सुजातालाही बोलावून घेतलं होतं. मी उभा राहिलो आणि जे वर लिहिलंय ते बोललो. नीट बोलता आलं नाही, पण काही वगळलं नाही. पंख्याकडे बघितलं तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. मागून म्हात्रे उठला, घणसोलीहून मुद्दाम आला होता. "खरा हाय," तो म्हणाला. "फुला मीच आनली होती. साहेबांना नको म्हटला होता मी."

सप्रे काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मग हसले आणि म्हणाले, "दामले, जाऊ दे हो. चाळीस वर्षं झाली. गमरे असता तर तोच म्हणाला असता, जाऊ दे."

माना डोलल्या. कोणीतरी म्हणालं, खरंय, मोठ्या मनाचा माणूस. कोणीतरी चहा सांगितला.

गमरे, मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. कारण ते खरं होतं. तू म्हणाला असतास. पण ते म्हणायचा हक्क एका माणसाचा होता, आणि तो माणूस तिथे नव्हता. तुझं मशीन घेतलं, तुझी जागा घेतली, आता तुझी क्षमाही तुला न विचारता आपसांत वाटून घ्यायला निघाले! आणि त्यातला मोठा वाटा मला देत होते.

"नाही जाऊ देणार," मी म्हणालो. "तुम्ही धूळ म्हणालात. ते मागे घ्या."

"अहो, असेल कुंकू. इतक्या वर्षांनी कोणाला..."

"असेल नाही."

चहा आला. कप फिरले. मी बसलो नाही आणि माझ्या शेजारच्यांनी कप घेतले नाहीत. सप्रेंनी इकडेतिकडे बघितलं. कोणी त्यांच्या मदतीला येईना.

"होतं," ते शेवटी म्हणाले. "कुंकू होतं. मीही वाहिल्या होत्या अक्षता. झालं?"

"मला नका सांगू. तिला सांगा."

सुजाता दाराजवळ उभी होती. या वेळी ती हसली नाही, मान हलवून त्यांना सोडवलंही नाही. सप्रे काठी टेकत उठून तिच्यासमोर जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.